तिसऱ्या ताटातली चिठ्ठी

महिना झाला, मी आळीतनं मान खाली घालून चालते. त्यानं एक फायदा झाला. गटारावरची कुठली फरशी हलते आणि कुठली भक्कम आहे, ते आता ग्रामपंचायतीपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. पण मान वर करायचं धाडस होत नाही. वर केली की कुणीतरी बाई दारात उभी असते आणि गोड आवाजात विचारते, "काय काकी, आमचंच पहिलं न्हवं?" आणि आतनं दुसरी कुणीतरी फिस्सकन हसते.

हे सगळं डंकापायी झालं. डंक म्हणजे चटणी कांडायचं यंत्र. मोटार लावली की लोखंडी मुसळं वर जातात आणि उखळात धाडधाड आपटतात. फाल्गुन लागला की पंचक्रोशीतल्या बायका मिरच्या, धने, खोबरं, तळलेला कांदा, सोललेला लसूण असे डबे भरभरून आमच्या ओसरीवर येतात आणि वर्षाची चटणी कांडून नेतात. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या शेवटाला. समोरचा ओढा ओलांडला की सांगली जिल्हा. त्यामुळं माझ्या ओसरीवर दोन जिल्ह्यांची भांडणं होतात, आणि सगळी नंबरावरनं.

माझी नात क्रांती पुण्यात मोबाइलच्या ॲपांची चित्रं काढायची नोकरी करते. शिमग्याला घरी आली, तेव्हा ओसरीवर दोन बायकांनी एकमेकींची डब्याची झाकणं ओढ्यात भिरकावलेली तिनं बघितली. मला म्हणाली, "आज्जी, ह्याचं ॲप करू. घरी बसून नंबर लावायचा, आणि पाळी आली की मगच यायचं."

मी लगेच हो म्हणाले. मला ॲपची गरज होती म्हणून नव्हे, ओढ्यापलीकडच्या गिरणीवाल्याकडं अजून धड पाटीसुद्धा नाही म्हणून.

मला वाटलं, आता पोरगी मोठा लॅपटॉप उघडेल, बटणं दाबेल, आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. पण तिनं भिंतीवरची जुनी दिनदर्शिका काढली, तिचे मोबाइलएवढे तुकडे कापले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीनं चौकोन काढायला लागली. नुसते चौकोन. एका चौकोनात दोन रेघा, दुसऱ्यात एक गोल. ओसरीवर बायका बसलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं शिकवलं आणि पोरगी घराच्या अंगणात मुली ठिकरी खेळायला आखतात तशा रेघा आखते.

"लॅपटॉप मोडला व्हय गं?" धोंडुबाईनं विचारलंच. धोंडुबाई म्हणजे आमच्या शेजारची. तिचा डबा दरवर्षी पहिला असतो आणि नाक दुसऱ्याच्या डब्यात असतं. तिनं सुचवलं, इस्लामपूरला दुकानांच्या पाट्या रंगवणारा तिच्या माहेरचा एक माणूस आहे, त्याला बोलवू, तो रंगात करून देईल.

क्रांती म्हणाली, रंग आत्ता नको. रंग दिला की माणसं रंगाबद्दल बोलतात, कामाबद्दल बोलत नाहीत. आधी कागदावर चुकायचं. कागद फाडून टाकता येतो.

मी पण एक तुकडा घेतला. वर मोठ्या अक्षरात 'लीलाबाईंचा डंक' असं लिहिलं आणि खाली माझा फोटो यावा म्हणून गोल काढला. अक्षरं मी घरात सून आल्यावर तिच्याकडनं शिकले, त्यामुळं मिळेल तिथं ती लिहायची मला हौस आहे. नाव लिहून झाल्यावर तुकड्यावर जागाच उरली नाही. क्रांती म्हणाली, "छान आहे आज्जी. पण नंबर कुठं लावायचा?" मी म्हणाले, मागच्या बाजूला.

मग तिनं गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. ज्याला जे हवं ते एकेका चिठ्ठीवर लिहायचं. लिहिता येत नसेल तर सांगायचं, ती लिहून घेणार. ओढ्यापलीकडच्या गिऱ्हाइकांना तिनं फोन केले. बातमी फुटली आणि ज्यांनी पाच वर्षांत डंकाचं तोंड बघितलं नव्हतं, तेसुद्धा सल्ला द्यायला आले.

धोंडुबाईला कुणाची किती किलो चटणी आहे ते सगळ्यांना दिसायला हवं होतं. त्याचा तुला काय उपयोग, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आवं, माहिती असावी. कुणाच्या घरात किती माणसं जेवत्यात, तेबी कळतंय." मंगल ही उपसरपंचाची बायको. तिचं म्हणणं, ॲप उघडल्याबरोबर शुभेच्छुकांचे फोटो आले पाहिजेत, चौकातल्या फलकावर असतात तसे, आणि पहिला कुणाचा हे तिनं सांगायची गरज नाही. आमचे हे फौजेतनं हवालदार होऊन आले. नाव लालासाहेब. त्यांना भोंगा पाहिजे होता. नंबर आला की गिऱ्हाइकाच्या मोबाइलात भोंगा वाजला पाहिजे, आणि भोंगा थांबायच्या आत माणूस हजर नसलं तर नंबर रद्द.

ओढ्यापलीकडची शालन फोनवर एवढंच म्हणाली होती, "कांद्या-लसणाची का बिनकांद्याची, ते आधी विचारा गं. आमचं बिनकांद्याचं असतंय."

शालनचं घर जैनांचं. कांदा-लसूण त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. दरवर्षी तिचा पितळी डबा ओसरीवर दिसला की मी सगळ्यांना थांबवून डंक गरम पाण्यानं धुते, वाळवते, मूठभर खडे मीठ कांडून टाकून देते आणि मग तिच्या मिरच्या घालते. तिनं कधी ह्याची आठवण करून दिली नाही आणि मी कधी चुकले नाही. डबा ठेवून ती स्वयंपाकघरात येऊन बसायची. चटणी होईपर्यंत आमच्या दोघींच्या सुनांचं यथास्थित कांडण व्हायचं.

चिठ्ठ्या जमल्या, तशी क्रांतीनं ओसरीवर तीन ताटं मांडली. पहिल्या ताटात, ज्याच्यावाचून चालणारच नाही ते. दुसऱ्यात, असलं तर बरं. तिसऱ्यात, पुढच्या वर्षी. पहिल्या ताटात चारच्या वर चिठ्ठ्या घालायच्या नाहीत, अशी अट. मोबाइलची काच तळहाताएवढी, त्यात चारच गोष्टी धड दिसतात.

आता ही अट पुण्यात चालत असेल. आमच्याकडं ताट मांडलं की त्याला पंगत लागते. मंगलची चिठ्ठी क्रांतीनं तिसऱ्या ताटात ठेवली, तशी मंगल उठून उभी राहिली. म्हणाली, दुसऱ्या पंगतीला आम्ही आमच्या सख्ख्या जावेच्या घरीसुद्धा बसलेलो नाही, आणि तुम्ही आम्हाला पुढच्या वर्षी जेवायला सांगताय.  धोंडुबाईनं फक्त तिचा रिकामा डबा उचलून काखेत मारला. बोलण्यापेक्षा ते वाईट.

नेमका त्याच वेळी क्रांतीला ऑफिसचा फोन आला आणि ती पोरगी माळवदावर गेली. ओसरीवरच्या गलक्यात फोनवरचं काही ऐकू येत नाही. जाताना म्हणाली, "आज्जी, जरा बघ हं." आणि मी बघितलं.

मी मंगलला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, लेकरू आहे, तिला मान कळत नाही, तुझंच पहिलं. तिची चिठ्ठी उचलून पहिल्या ताटात ठेवली. धोंडुबाईला चुलीपाशी नेऊन सांगितलं, तुझंच पहिलं, पण मंगलला बोलू नकोस. ह्यांना सांगितलं, भोंगा पहिला. ओसरीवर आलेल्या प्रत्येक बाईला मी एकेकटीला गाठून हेच सांगितलं, आणि प्रत्येकीनं माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की माझंच मला कौतुक वाटलं. घरात आलेल्या बाईला कुंकू लावताना आधी कुणाला आणि नंतर कुणाला, ह्याचं जे गणित आयुष्यभर केलं, त्यापेक्षा हे किती सोपं, असं वाटलं. कुंकू सगळ्यांच्या देखत लावायचं असतं, एवढाच काय तो फरक.

पहिलं ताट शिगोशीग भरलं. अटीसाठी निदान एक तरी चिठ्ठी बाजूला काढायला पाहिजे. मी नजर फिरवली. धोंडुबाई समोर, मंगल समोर, हे तर मिशीला पीळ देत दारात. शालन तेवढी ओढ्यापलीकडं. जे माणूस समोर नाही त्याची चिठ्ठी उचलायला सोपी. मी ती उचलली आणि तिसऱ्या ताटात ठेवली.

क्रांती खाली आली. ताटं बघितली. तिनं एवढंच विचारलं, "शालनकाकूंची इथं कशी आली? त्या तर म्हणाल्या होत्या, आधी तेच विचारा."

तिथंच मी खरं सांगायचं. पण सगळ्या जणी बघत होत्या आणि मी काही क्षणांपूर्वीच प्रत्येकीची लाडकी झालेली. मी म्हणाले, "तिचाच परत फोन आला होता. म्हणाली, पुढच्या वर्षी चालतंय."

आपली आजी खोटं बोलेल असं पोरीला वाटलं नाही. तिनं मान हलवली आणि कागदाचा दुसरा तुकडा घेतला.

पुढचा अडथळा सरकारी. ॲप मोबाइलात घ्यायला एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो छापून दारासमोरच्या विजेच्या खांबावर लावायचा होता. मी ग्रामसेवकाकडं परवानगी मागायला गेले. त्यांनी नकाशा काढला आणि सांगितलं, खांब ओढ्याच्या पलीकडं आहे, म्हणजे सांगली जिल्ह्यात, तिकडच्या पंचायतीत जा. तिकडच्या पंचायतीत गेले. ते म्हणाले, खांब आमच्यात असला तरी त्याचा दिवा तुमच्या रस्त्यावर पडतो, तिकडंच विचारा. मी उन्हातनं चारदा ओढा ओलांडला. शेवटी आमचे ग्रामसेवक म्हणाले, तुमच्या घराच्या भिंतीवर लावा, मी बघितलंच नाही असं समजतो. मात्र ॲप उघडल्यावर आधी गावाच्या स्वच्छतेची शपथ आली पाहिजे. शपथ घेतल्याशिवाय पुढं जाता येता कामा नये. वरनं तसं काहीतरी करून दाखवायला सांगितलंय. मी त्यांनाही म्हणाले, तुमचंच पहिलं.

क्रांती चौकोन काढत होती आणि खोडत होती. खोडरबरानं कागद झिजून आरपार दिसायला लागला. एकदा म्हणाली, "आज्जी, नंबरचं बटण खाली खाली चाललंय." मी म्हणाले, खाली असलं म्हणून काय झालं, पायापण खालीच असतो. हे वाक्य मला फार आवडलं. ओसरीवरही आवडलं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

चैत्रात ॲप सुरू झालं. उघडलं की आधी ह्यांचा भोंगा. क्रांतीनं तो नंबर आल्यावर वाजेल असा ठेवला होता, पण ह्यांनी हट्ट करून उघडतानाही वाजवायला लावला. मग शपथ. मग मंगलच्या नवऱ्याचा हात जोडलेला फोटो आणि त्याच्याभोवती त्याच्याहून लहान माणसं. मग माझं नाव. मग कुणाची किती किलो. एवढं सगळं अंगठ्यानं वर ढकलत गेलं की तळाला एक बटण, 'नंबर लावा'. बायका भोंग्याला दचकून मोबाइल पालथा घालायच्या आणि सरळ चालत ओसरीवर यायच्या. मग ओसरीवर बसून मी प्रत्येकीच्या मोबाइलात शपथ घ्यायचे. त्या पहिल्याच दिवशी मी स्वच्छतेच्या इतक्या शपथा घेतल्या की गावात कुणी घेतल्या नसतील. चटणीकडं बघायला डोळाच रिकामा नव्हता.

शालनचा मुलगा सम्मेद कामावर जाता जाता डबा ठेवायला थांबला. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "काकू, आमचं बिनकांद्याचं हाय. ते कुठं दाबायचं?"

मी मंगलच्या मोबाइलवर शपथेत होते. मान वर न करता म्हणाले, "सगळं आहे त्यात. दाब पुढं."

त्यानं दाबलं पुढं. पोरगं निघून गेलं. पितळी डबा ओळीत लागला. डंकावर हे उभे होते. ह्यांचा नियम एकच, लाईन म्हणजे लाईन. मोबाइलात धोंडुबाईच्या नंतर शालनचा नंबर होता. धोंडुबाईची चटणी म्हणजे लसूण जरा जास्तच. ती ह्यांनी उपसली, पितळी डबा उलटा केला आणि त्याच उखळात शालनच्या मिरच्या घातल्या. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर.

दुपारी शालन आली. नेहमीसारखी सरळ स्वयंपाकघराकडं निघाली होती. जाताना सवयीनं तिनं डब्याचं झाकण उचललं, आणि लसणाचा वास आला तसं ते हातातच राहिलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बाईला मी आयुष्यभर पुरून उरले आहे. ती हळू आवाजात क्रांतीला म्हणाली, "तुला मी फोनवर सांगितलं हुतं गं. आधी तेवढंच विचार म्हणून."

क्रांती गोंधळली. म्हणाली, "काकू, पण तुम्हीच नंतर फोन करून सांगितलंत ना, पुढच्या वर्षी चालेल म्हणून. आज्जीला."

शालननं माझ्याकडं बघितलं. मग क्रांतीनं बघितलं. मग धोंडुबाईनं, मंगलनं, आणि भोंगा बंद करून ह्यांनी. नेमका डंकही त्याच वेळी थांबला. 

"मी कवा केला फोन, अक्का?" शालन म्हणाली.

मी पदरानं मोबाइलची काच पुसत बसले. काच स्वच्छच होती.

शालननं झाकण लावलं. म्हणाली, "घरात सासूबाई हायत. दातांत काही राहिलं न्हाई, भाकरी दुधात कुस्करून ही चटणी लावून खात्यात. दुसरं काय तिखट चालत न्हाई त्यास्नी. पुढच्या वर्षी म्हंजे, ह्या वर्षी त्यांनी काय खायचं?"

मी म्हणाले, माझ्या घरच्या मिरच्या आहेत, निवडून देठ काढलेल्या, त्या घे. ती म्हणाली, मिरच्या तिच्याकडंही आहेत, मिरच्यांचा प्रश्न नाही. डबा तिनं तिथंच ठेवला आणि ओढा ओलांडून चालत गेली. लसूण लागलेला डबा तिच्या घरात जाणार नव्हता, तो आमच्याकडंच राहणार होता. पितळी डबा, तिच्या माहेरचा.

 संध्याकाळी क्रांतीनं ते सगळे झिजलेले तुकडे गोळा केले आणि बंबात घातले. कागद फाडता येतो म्हणाली होती, ते खरं होतं. पण मी कागदावर चुकले नव्हते.

सकाळी बायका डबे घेऊन आल्या तेव्हा डंक उघडा पडला होता. मुसळं काढून मी ती आधणाच्या पाण्यात घातली होती आणि उखळ घासत बसले होते. डंक धुऊन ठेवते असा निरोप मी रात्रीच धाडला होता, म्हणून शालन नव्या डब्यात मिरच्या घेऊन येऊन उभी होती. मंगलनं विचारलं, आज बंद का. धोंडुबाई म्हणाली, माझ्या दुसऱ्या डब्याचा नंबर पहिला हाय, मोबाइलात बघा.

मला वाटलं होतं, खोटं बोललं की ते एकदाच बोलावं लागतं. खरं तर प्रत्येकीपाशी वेगळं फेडावं लागतं. एकेकीला गाठून सांगायचं बळ माझ्यात नव्हतं, म्हणून घासणी हातात घेऊनच मी सगळ्यांना एकदम सांगितलं. शालनचा फोन आला नव्हता. तिची चिठ्ठी मी उचलली. ती इथं नव्हती म्हणून उचलली. आणि तुमचंच पहिलं, असं मी सगळ्यांनाच सांगितलं होतं.

मंगलनं धोंडुबाईकडं बघितलं. "तुला बी?"

"मला चुलीपाशी नेऊन सांगितलं," धोंडुबाई म्हणाली. "तुला बोलू नको म्हणाली."

"मला बी हेच."

मागच्या ओळीतनं तिसरी म्हणाली, तिलाही. मग चौथी. ग्रामसेवक योगायोगानं शपथ नीट चालते का बघायला आले होते, तेही म्हणाले, मलाही. ह्यांनी विचारलं, "म्हंजे भोंगा?" मी मान हलवली. त्या माणसाला युद्धात झालं नसेल एवढं दुःख बायकोनं फसवल्याचं झालं.

मग त्या हसायला लागल्या. आधी मंगल, मग सगळ्या. पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या खांद्यावर पडून. मी घासत होते. शिव्या दिल्या असत्या तर खाली बघायला कारण तरी मिळालं असतं.

क्रांतीनं नवा कागद घेतला आणि ताटं मांडली. मला म्हणाली, "आज्जी, तू आत बस." मी आत बसले. ओसरीवरचं बोलणं ऐकू येत होतं. धोंडुबाई स्वतःहून म्हणाली, किलो-बिलो ऱ्हाऊ दे, त्याचं काय एवढं. बिनकांद्याचं आधी विचारा, मग नंबर, आणि बाकी काय नको. दोन चौकोन झाले. त्यात माझं नाव नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

उखळ वाळलं. मी मूठभर खडे मीठ कांडून टाकून दिलं, मग आणखी एक मूठ. शालननं वाकून वास घेतला, मान हलवली, आणि मिरच्या स्वतःच्या हातानं घातल्या. ह्यांनी मोटार लावली.

मी स्वयंपाकघरात चहा केला, वेलदोडा घालून, तिला आवडतो तसा. दारातनं हाक मारली, "शालन, ये की आत."

ती म्हणाली, "हितंच द्या, अक्का."

मी कप बाहेर नेऊन दिला. चहा तिनं घेतला. उभ्यानं, डंकाकडं तोंड करून, शेवटची मूठ डब्यात पडेपर्यंत.